लघु-गुरूचे प्रोफेसर : माधव ज्युलियन

‘माधव ज्युलियन’ हे नाव ऐकून कोणालाही वाटेल की हे कोणी परदेशी कवी असावेत. पण हे तर आपले माधव त्र्यंबक पटवर्धन! जन्म १८९४, बडोदा. कॉलेजात शिकवायचे फारसी आणि कविता लिहायचे मराठीत. आधी पुण्याचं फर्ग्युसन, नंतर १९२८ पासून कोल्हापूरचं राजाराम कॉलेज.

कविता मोजली की मरते, असं आपण नेहमी ऐकतो. या प्रोफेसरांनी मात्र आयुष्यभर कविता मोजली.

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे वृत्तं-गण कधी वाट्याला आलेच नाहीत. पण इंजिनिअरिंगवाल्यांना हे सोपं आहे. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. लघुला ० आणि गुरूला १ म्हणा. आता आपलं ‘नवापूर’ घ्या. न, वा, पू म्हणजे ०११. झाला एक यगण! असे चार यगण ओळीने ठेवले की भुजंगप्रयात वृत्त तयार : १२ अक्षरं, २० मात्रा. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत.

गंमत पुढेच आहे. फारसीतही हाच ०११ चा साचा आहे. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ त्यावरच उभा आहे, फक्त ओळीच्या शेवटच्या गणात एक गुरू कमी. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला मग गझल परकी कशी वाटेल? ज्युलियन यांनी वृत्तांचा सगळा हिशोब ‘छंदोरचना’ या ग्रंथात मांडला (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ हा मराठी गझलांचा संग्रह दिला. पुढे सुरेश भटांनी गझल घराघरांत नेली, पण पाया इथे घातला गेला.

१९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी त्यांचं ‘भाषाशुद्धि-विवेक’ आलं. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारा माणूस आता मराठीतून परके शब्द काढा म्हणत होता! हे मला पटत नाही. माझा हा लेखच इंग्रजी शब्दांशिवाय झाला नसता. आणि त्यांनी आणलेली गझल तरी कुठली?

२९ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले, अवघ्या ४५ व्या वर्षी. शब्दांचं भांडण अजून चालू आहे. गझल मात्र मराठीच झाली, कारण तिचं माप आधी कोणीतरी नीट घेतलं होतं.