ब्रेकचं काम एकट्याचं नव्हे

राजापूरहून ओणी, पाचल करत अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्या जुन्या डिझेल जीपची चढताना कसोटी लागते ती इंजिनाची. भरल्या गाडीने उतरताना मात्र सगळी भिस्त ब्रेकवर. गाडीचा वेग ड्रममध्ये उष्णता होऊन जिरतो, ती चाकातल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-3 प्रतीचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणच्या दमट हवेत हा फरक फार महत्त्वाचा. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पाय पॅडलसकट खाली जातो. म्हणून जुनं ऑइल बदलणं आणि नळ्यांतली एअर काढणं हे इथल्या गाडीचं पहिलं काम, आणि ते निदान दोघांनी मिळून करावं असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण कामाच्या रीतीतच आहे. एकाने सीटवर बसून पॅडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल पान्याने सैल करायचं. पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरतात. निपल पुन्हा आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ हे शब्द मोठ्याने उच्चारायचे. सुरुवात बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. तिसरा माणूस असला तर त्याने टाकीत ऑइल घालत राहावं. टाकी रिकामी झाली तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

एकेरी व्हॉल्व्हची नळी लावली की एकटा माणूसही एअर काढू शकतो, हा आक्षेप खरा आहे. पण पॅडल दाबलेलं असताना व्हील सिलिंडरचं रबर झिरपतं का, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी आत पाय आणि बाहेर डोळा हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: चार हात लागले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. म्हणून निपल ज्याच्या हाती, हुकूम त्याचा, आणि तो जाणकारच असावा. त्याने आवळलेला प्रत्येक नट दुसऱ्याने पुन्हा तपासावा. विमानाच्या नियंत्रणयंत्रणेवरचं काम एकाने केल्यावर दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत आहे, ती याच विचारातून आली.

जुन्या गाड्या मोडीतच काढाव्यात, असंही म्हटलं जातं. पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी फिटनेस पाहून पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवता येते. मात्र मधल्या काळात ब्रेकचं रबर कुजलं तर तो कागद उपयोगी पडत नाही; देखभाल करावीच लागते.

डिझेल गाडीची आणखी एक गोष्ट. पेट्रोल इंजिनासारखा पुरेसा व्हॅक्यूम डिझेल इंजिनात आपोआप होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तो इंजिनावर चालतो. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपते. मग पॅडल दगडासारखं जड. दुरुस्तीनंतर सपाट जागी, चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाबावं आणि मग मिनिटभर दाबून धरावं. ते हळूहळू खाली जाऊ लागलं, तर त्या दिवशी गाडी पाचलच्या पुढे नेऊ नये.