रंकाळ्यावर पाच कागद

साडेसहा वाजलेत. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या दगडी कठड्यावर सर आधीच येऊन बसलेत. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चारी कडांनी चिकटपट्टी लावलेला पोस्टकार्डाएवढा कागद, शेजारी पाण्याचे दोन डबे: एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे. गारठा ओसरतोय, पण बसायला दगड अजून थंडच लागतो. पाठीमागून फिरायला आलेल्यांची ये-जा सुरू आहे. बुटांचा आवाज, कुणाच्या खिशातून ऐकू येणारं भजन, दोघांचं जमिनीच्या भावाबद्दलचं मोठ्यानं चाललेलं बोलणं. समोर पाणी उतरायला लागलंय आणि पावसाळ्यात बुडणारा संध्यामठ पुन्हा वर आलाय. त्याच्या दगडांवर पाण्याची जुनी पातळी सरळ रेघेसारखी उमटलेली दिसते.

‘‘या. तुकडा घ्या,’’ सर म्हणतात.

सरांनी उभी हयात शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. आता ते आम्हाला कागद कापून देतात. २२ बाय ३० इंचांचा, ३०० जीएसएमचा मोठा कागद. एकीकडून आठ आणि दुसरीकडून चार भाग केले, की त्याचे ३२ तुकडे होतात. पाच जणांत तो आठवडाभरही पुरत नाही, मग वर्गणी काढून नवा आणायचा. एवढा जाड कागद एकट्यानं विकत घेऊन रोज वापरायला मन धजत नाही, माणूस तो कपाटात जपून ठेवतो. वाटून घेतलेला तुकडा मात्र आज संपवायचाच असतो. रोज काढायची सवय टिकते ती मला वाटतं या वाटणीमुळेच.

एसटीत कंडक्टर असलेले दादा येतात. त्यांची ड्यूटी नऊची. पाठोपाठ हुपरीहून मोटरसायकलवर आमच्यातला सर्वांत लहान, चांदीच्या पैंजणांचं काम करणारा. शेवटी वहिनी, हातातली पिशवी सावरत.

‘‘आलो, आलो! कुकर लावून आलो आज,’’ त्या लांबूनच सांगतात. वहिनींची विद्यार्थ्यांसाठी खानावळ आहे. दहाला डबे निघतात, त्याआधी ही त्यांची सकाळ.

कुणी काय काढायचं हे ठरवून घेत नाही. सर पेन्सिल लावतच नाहीत. मोठ्या ब्रशनं मठाची एक कड सोडून बाकी कागद ओला करतात आणि वरून खाली एकच निळसर करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, सोडतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, एवढे दोनच रंग. अल्ट्रामरीनचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सपाट दिसणाऱ्या वॉशमध्ये बारीक दाणा उमटतो. रंकाळ्याचं सकाळचं पाणी तसंच दिसतं, स्थिर, तरीही अंगात हालचाल असलेलं.

हुपरीच्या पोराची नजर सांध्यांवर. मठाचा दगड दगडाला कुठं भिडतो, कुठं चिरलाय, कुठं शेवाळ धरलंय, हे तो इतक्या बारीक पेननं टिपतो, की बघणाऱ्यानं श्वास आवरावा. पैंजणं झाळण्याची सवय असलेला त्याचा हात एका जागी ठाम राहतो. दादांचं उलट. ते मठाकडं पाठ करून बसलेत आणि फिरणारी माणसं काढतायत. त्यांची माणसं पाठमोरी असतात, चेहरा नसतोच. पण खांदा किती उतरलाय, एका पायावर किती भार आहे, यावरून गुडघा दुखणारा माणूस कोणता ते कळतं. गर्दीच्या गाडीत इतकी वर्षं पाठींमधून वाट काढणाऱ्या माणसालाच हे जमावं.

वहिनी मात्र पाण्यातल्या मठाकडंच बघतायत. वरचा मठ त्यांनी अजून काढलेलाच नाही.

‘‘सर, जरा बघा की. वरच्या खांबापेक्षा पाण्यातला खांब उजळ दिसतोय का मलाच तसं वाटतंय?’’

आम्ही सगळेच मान वर करतो. खरंच, पाण्यातला खांब एक छटा फिका आहे. सर आकाशाकडं बोट करतात. खांब गडद, आकाश उजळ. पाण्यात दोघं जवळ येतात: गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकं पडतं, उजळ वस्तूचं थोडं गडद होतं. पुस्तकात हे एका ओळीत सापडेल. पण इथं ते कुकर लावून आलेल्या बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी सापडलंय, आणि त्यांच्यामुळं आम्हा चौघांनाही. उद्यापासून मला पाण्यातला खांब वेगळा दिसणार. माझ्या कागदावर मी लगेच तो भाग स्वच्छ ब्रशनं हलका करते.

मग सगळे थांबतात. थंडीत कागद लवकर वाळत नाही, आणि जलरंगात थांबणं हेच निम्मं काम असतं. कागद पुरता वाळेपर्यंत पुढचा हात मारायचा नाही. चकाकी जाता जाता, कागद पुरता वाळण्याआधी, पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला, तर ते पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि कडा फुटलेला डाग पडतो. एप्रिलमध्ये हा कागद बघता बघता वाळतो, तेव्हा आम्ही कमी बोलतो. फेब्रुवारीत वाळायला वेळ लागतो म्हणून गप्पा होतात. दादा कुणाच्या तरी बदलीचं सांगतात, वहिनी गॅसच्या भावाचं. ब्रश मात्र प्रत्येकाच्या हातात आडवा धरलेला, नजर कागदाच्या चकाकीवर.

सर आज चित्रकार आबालाल रहिमानांबद्दल बोलायला लागतात. रंकाळ्यावर बसलं, की त्यांचा विषय कधी ना कधी निघतोच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परत आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी इथलं पाणी, इथली झाडं, हा मठ रंगवला. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. १९३१ साली ते गेले.

‘‘आणि तो पॅलेस बघा,’’ सर उत्तरेकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस दाखवतात. ‘‘१९३१ ते ३४ मधलं बांधकाम. म्हणजे आबालालांच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब नव्हतं. त्यांचा रंकाळा आणि तुमचा रंकाळा एक नव्हे. तुमचा तुम्हीच काढायला पाहिजे.’’

हे शेवटचं वाक्य ते हुपरीच्या पोराकडं बघून म्हणतात. परवा त्यानं फोनवर कुठल्याशा परदेशी चित्रकाराची पद्धत बघून तसंच पाणी काढलं होतं. पोरगा काही बोलत नाही, पण पेन खाली ठेवून ब्रश उचलतो.

शहराच्या बाजूनं ऊन वर येतं आणि सगळं घाईचं होतं. मठाच्या एका अंगाला पिवळट उजेड लागतो. ज्यांनी तिथला कागद कोरा राखलाय त्यांचं काम सोपं, कारण जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. वरून पांढरा लावून तो उजेड परत येत नाही. सर फिक्या पिवळ्याचा एक थेंब सोडतात आणि ब्रश धुऊन टाकतात. त्यांचं झालं. नेमकं थांबायचं कुठं, हे मला त्यांच्याकडून अजून शिकायचंय.

साडेसात. पाची कागद कठड्यावर ओळीनं मांडले जातात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर रंगाच्या डब्या. आता फेरी. नियम एकच: वाहवा करायची नाही. प्रत्येकानं प्रत्येक चित्राबद्दल, आपल्याला दिसलेली एक गोष्ट सांगायची. चूक काढायलाच हवी असंही नाही, पण बोट कागदावर नेमकं टेकलं पाहिजे.

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. काल ज्या चित्राचं कौतुक झालं तेच चित्र माणूस आज पुन्हा काढायला बसतो, तेच आकाश, तोच ब्रशचा फटकारा, आणि समोरचं बघायचं राहून जातं. शिवाय रोज पाच जणांनी पाच जणांचं कौतुक करायचं म्हटलं, तर आठवड्याभरात कुणी कुणाच्या कागदाकडं नीट बघणार नाही. मैत्रीत गोड बोलणं सोपं असतं. रोज उठून दुसऱ्याच्या एवढ्याशा कागदाकडं मनापासून बघणं, हे प्रेमाचं काम आहे.

‘‘दादा, ह्या बाईंची सावली पुढं पडलीय आणि मागच्या आजोबांची बाजूला,’’ पोरगा म्हणतो.

‘‘आजोबा आधी काढले. ऊन नव्हतं तवा. सावली अंदाजानं मारली,’’ दादा सांगतात. त्यांच्या चित्रात एका कोपऱ्यात पाणी फुटून कातरलेली कड आलीय. ते ती पुसायला बघतात.

‘‘राहू द्या,’’ वहिनी म्हणतात. ‘‘तिथं मला झाड दिसतंय.’’

माझ्या चित्राकडं सर बराच वेळ बघतात. मग विचारतात, ‘‘तुमचं पाणी कुठं संपतं?’’ मी काठाची रेघ दाखवते. ‘‘रेघ दिसली होती का तुम्हाला?’’ मी पुन्हा समोर बघते. दूरचा काठ रेघ नाहीच. पाणी आणि जमीन तिथं एकाच करड्यात मिसळलेत, फक्त मधे एक पांढरा बगळा आहे म्हणून काठ कळतो.

तेवढ्यात दादांचा फोन वाजतो. आमचा सहावा, मस्कतला नोकरीला गेलेला, आपलं चित्र पाठवतो. तिथं आत्ता सहा वाजलेत. चित्र काल संध्याकाळचं, खोलीच्या खिडकीतून दिसणारी गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी, मागं उघडा डोंगर. फोनवरच्या चित्रावर फेरी करणं अवघड जातं. फोन करड्याला निळसर करतो, कागदाचा दाणा पुसून टाकतो, ओला वॉश आणि कोरडा ब्रश एकसारखे दाखवतो. म्हणून तो दोन फोटो पाठवतो, एक पूर्ण चित्राचा आणि एक अगदी जवळून, कागद उजेडात तिरका धरून. खाली लिहितो: टाकीची सावली जांभळी वाटली, बरोबर आहे का?

फोन हातोहात फिरतो. वहिनी दोन बोटांनी चित्र मोठं करून बघतात आणि बोलून निरोप पाठवतात: ‘‘भावजी, सावली असू दे जांभळी. पण भिंतीवर मावळतीचा उजेड आलाय तर टाकीवर का न्हाई आला? आज संध्याकाळी परत बघा आणि सांगा.’’ आज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो खिडकीशी उभा राहणार, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याला कोल्हापूरची आठवण येते का, असं आम्ही विचारत नाही. टाकीबद्दल विचारतो.

सामान आवरून आम्ही गंगावेशीला जातो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत, समोर धार काढून फेसाळता पेला हातात मिळतो. दादांना निघायला अजून अर्धा तास आहे. दूध संपवून ते उरलेल्या तुकड्यावर समोरची म्हैस काढायला घेतात, नुसत्या पेन्सिलीनं, झरझर. गवळी चरवी खाली ठेवून वाकून बघतो. वहिनी सवयीनं त्याला नियम सांगतात: ‘‘चांगलं हाय म्हणायचं न्हाई हं. काय दिसलं तेवढंच सांगायचं.’’

गवळी आधी कागदाकडं बघतो, मग म्हशीकडं.

‘‘डावं शिंग खाली वळलंय हिचं. तुम्ही दोन्ही सारखीच काढलीसा.’’

आम्ही पाची जण म्हशीकडं वळतो. डावं शिंग खरंच खाली वळलंय. दादा खिशातून खोडरबर काढतात.

‘‘उद्या येतासा का रंकाळ्यावर?’’ सर त्याला विचारतात.

‘‘आणि धारा कोण काढणार? तुम्हीच या हिकडं चित्रं घेऊन,’’ तो म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पेला विसळायला घेतो. ‘‘सगळ्यांची आणा. मी सांगतो.’’