संगणकाचा दुभाषी

श्रोतेहो, संगणक ही वस्तू आता गावोगावच्या शाळांतून, पतपेढ्यांतून आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतून पोहोचली आहे. एक संगणक दुसऱ्याशी बोलतो, हेही आपल्याला नवे राहिलेले नाही. पण हे बोलणे चालते कसे, आणि त्यासाठी मध्ये कोणाला राबावे लागते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्या राबणाऱ्याचीच ओळख करून घेऊ.

संगणकात नेटवर्क कार्ड नावाचा एक लहानसा भाग असतो. तारेतून येणारे विजेचे संकेत घ्यायचे आणि आपला मजकूर संकेतरूपाने तारेवर सोडायचा, एवढेच त्याचे काम. हा मजकूर सलग धारेने जात नाही. त्याची लहान लहान पुडकी बांधावी लागतात. इथरनेट या पद्धतीत एका पुडक्यात साधारणपणे १,५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो, आणि टपालाच्या पाकिटाप्रमाणे प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो.

आता अडचण अशी की, संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली, तिला या कार्डाची बोली येत नाही. जितके कारखाने, तितक्या बोली! म्हणून मध्ये दुभाषी लागतो. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. हा मोटार हाकणारा नव्हे, बरं का. हा एक प्रोग्राम असतो.

त्याचे काम समजण्यासाठी विहिरीवरचे रहाटगाडगे डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर संगणकाच्या स्मृतीत रिकाम्या पोहऱ्यांची अशीच एक माळ मांडून ठेवतो. तारेतून पुडके आले की कार्ड ते पुढच्या रिकाम्या पोहऱ्यात ओतते, ‘भरला’ अशी खूण करते आणि दाराची कडी वाजविते. या कडी वाजविण्याला इंटरप्ट म्हणतात. मग ड्रायव्हर येतो, पोहरा रिता करतो आणि पुन्हा माळेत लावतो. त्याला उशीर झाला तर सगळे पोहरे भरलेले राहतात आणि पुढची पुडकी सांडून जातात.

सेकंदाला एक अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तारेवर पूर्ण भरलेली सुमारे ८१ हजार पुडकी दर सेकंदाला येऊ शकतात. प्रत्येक वेळी कडी वाजली तर घरधन्याला दुसरे काम सुचेल का? म्हणून गर्दीच्या वेळी ड्रायव्हर कार्डाला सांगतो, ‘तू गप्प राहा, मीच फेरी मारून नेतो.’ गर्दी ओसरली की कडी पुन्हा मोकळी करतो.

यात एक गोष्ट फार जपावी लागते. पोहरा कोठे आहे हे आधी लिहायचे आणि ‘आता हा तुझा’ ही खूण सगळ्यात शेवटी करायची. हा क्रम उलटला तर कार्ड भलत्याच जागी मजकूर ओतते, आणि दुसऱ्याच कामाचे आकडे पुसले जातात. असा दोष रोज दिसत नाही, क्वचितच दिसतो; म्हणूनच तो शोधणे कठीण.

हे सारे लिहायचे तर कार्डाची बोली ठाऊक हवी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही प्रणाली सुरू केली. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. कोणीही तो वाचावा, सुधारावा. तिच्यासाठी इथरनेटचे पुष्कळ ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. १९९४ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत त्यांनी व टॉमस स्टर्लिंग यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा गणनसंच उभारला, त्यालाही या ड्रायव्हरांचाच आधार होता.

पण प्रत्येक कारखानदार आपली बोली सांगतोच असे नाही. एनव्हिडिया कंपनीच्या एनफोर्स जातीच्या संगणकांत जे नेटवर्कचे अंग होते, त्यासाठी कंपनी बंद पेटीसारखा ड्रायव्हर देई. मग काय झालं? २००३ च्या सुमारास काही जणांनी कामाची वाटणी केली. दोघांनी अभ्यास करून कार्डाची बोली कागदावर उतरविली. लिहिणाऱ्याने त्या टिपणांवरून, कंपनीच्या मजकुराची नक्कल न करता, नवा ड्रायव्हर लिहिला. अशी वाटणी का? तर, यंत्र कसे वागते हे सांगणे निराळे आणि दुसऱ्याचे लिखाण उचलणे निराळे. हा ड्रायव्हर ‘फोर्सडेथ’ या नावाने लिनक्समध्ये गेला, आणि पुढे त्या कंपनीच्याच माणसांनी त्यात भर घातली.

ब्रॉडकॉम कंपनीच्या बिनतारी कार्डांची कथाही अशीच. त्यांचा याच रीतीने लिहिलेला ड्रायव्हर २००६ साली लिनक्समध्ये आला. मात्र खुद्द कार्डाच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्राम कंपनीचाच राहिला. तो निराळा मिळवावा लागे. म्हणजे दार उघडले, पण आतली एक कोठडी बंदच. २०१० साली त्या कंपनीने आपल्या नव्या कार्डांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

कोणी म्हणेल, आम्हाला याचे काय? तर असे पाहा. प्रणाली बदलत असते, आणि तिच्याबरोबर दुभाष्यालाही बदलावे लागते. ड्रायव्हर बंद असेल आणि कंपनीने लक्ष काढून घेतले, तर धडधाकट कार्ड अडगळीत जाते. पैसे आपले, वस्तू आपली, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला! खुला ड्रायव्हर असला तर तो दुरुस्त करणारा जगात कोठेतरी निघण्याची आशा असते, आणि तो आपल्याच एखाद्या तालुक्यातला विद्यार्थीही असू शकेल.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेसाठी संगणक घेताना किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत जा: ‘याच्या कार्डाचा ड्रायव्हर खुला आहे का?’ आणि वरच्या वर्गातल्या जिज्ञासू मुलाला तो उघडून दाखवा. सगळे एकदम कळणार नाही. पण यंत्राच्या आत काय लिहिले आहे ते आपल्यालाही वाचता येते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.