लहान पडदा आणि उजवा रकाना

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं सातबाराचे उतारे पुष्कळ लिहिले. गांव नमुना सातमध्यें डावीकडे भोगवटादाराचें नांव व उजवीकडे 'इतर अधिकार' हा रकाना असतो; कर्जाचा बोजा त्यांत नोंदला जातो. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांनीं अशीच नोंद एका संकेतस्थळावर मोबाइलमधून पाहिली. डावी बाजू दिसली. उजवी पडद्याबाहेर राहिली. इसार देण्यापूर्वीं त्यांनीं छापील उतारा आम्हांस दाखविला, म्हणूनच बोजा उघडकीस आला.

दोष मोबाइलचा नव्हे, पान रचणाराचा होय. ईथन मार्कॉट यांनीं 2010 सालीं 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या नांवानें तीन उपाय एकत्र मांडले. रकान्यांची रुंदी ठराविक पिक्सेलांत न देतां शेंकडेवारीनें द्यावी. चित्र आपल्या चौकटीबाहेर जाऊं देऊं नये. आणि 'मीडिया क्वेरी'नें पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी, म्हणजे शेजारचे रकाने अरुंद पडद्यावर एकाखालीं एक येतात. यांस 'व्ह्यूपोर्ट'ची सूचना जोडावी. ती नसल्यास मोबाइल पान रुंद धरून अक्षरें बारीक करतो. तक्ता मोडणें शक्य नसेल, तर तो आडवा सरकतो अशी ठळक खूण तरी असावी.

ज्या संस्था बाजारभाव किंवा औषधांचें प्रमाण संकेतस्थळावर देतात, त्यांच्या चालकांस आमची विनंती आहे कीं, पान प्रसिद्ध करण्यापूर्वीं तें साध्या मोबाइलवर शेवटच्या रकान्यापर्यंत स्वतः वाचून पाहावें.