यादीतल्या बायका

सकाळचे साडेआठ वाजलेत. सातारा जिल्ह्यातल्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे बायकांची रांग लागली आहे. कुणी भांगलणीला जायच्या तयारीनं डोक्याला फडकं बांधून आली आहे, कुणाच्या कडेवर लेकरू आहे. चावडीपलीकडच्या सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाचं शटर आज खाली आहे. ते कायमचं खाली राहायचं की पुन्हा वर जायचं, हे आज या बायका ठरवणार. मतपत्रिकेवर चित्रं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

फाटकापासून बऱ्याच अंतरावर, चिंचेखाली, मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरून एका संस्थेची माणसं उभी आहेत. तिघंच. गावोगाव फिरून बायकांच्या बैठका घेणाऱ्या ताई, कायद्याचे कागद सांभाळणारे वकील, आणि मतदारयादी तोंडपाठ झालेला एक तरुण. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खोल्यांचं कार्यालय, पगार बेताचा, तोही वेळेवर होईलच असं नाही. दारू आणि नशेच्या पदार्थांबद्दल सरकारचं धोरण काय असावं, यासाठी ही माणसं काम करतात. मुंबईत निवेदनं देतात, नियमांच्या मसुद्यांवर हरकती पाठवतात, 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा गावोगावचे विरोधाचे ठराव गोळा करत हिंडली. पण धोरण म्हणजे काय ते मला इथं चिंचेखाली कळतं आहे.

तरुणाच्या हातातल्या यादीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. नावापुढं ‘म’ म्हणजे मयत. ‘सा’ म्हणजे लग्न होऊन सासरी गेलेली. ‘मुं’ म्हणजे मुंबईला. एक पान मी जवळून पाहतो. पानावरच्या एका आजीच्या फोटोत नथ स्पष्ट दिसते, आणि नावापुढं ‘म’. तिच्याखाली तिच्या दोन नाती, दोघींपुढं ‘सा’. त्याखाली सून, तिच्यापुढं काहीच नाही. म्हणजे या घरातून आज एकच बाई मतदानाला येऊ शकते, पण हिशोबात चार धरल्या जाणार.

हिशोब असा आहे. 2008 सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. मग त्या सह्यांची पडताळणी. मग गुप्त मतदान. आणि दुकान बंद व्हायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. झालेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीच्या निम्मी लागतात. यादीत हजार बायका असतील तर पाचशे एक मतं हवीत, मग मतदानाला सहाशेच आलेल्या असोत. जी आली नाही, जी मेली, जी परगावी नांदते, तिचं नाव आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसतं. आमदार निवडून यायला झालेल्या मतांत सगळ्यांत जास्त मतं पुरतात. गावातलं एक दुकान बंद करायला मात्र मेलेल्या बायकांचीही संमती लागते. मला हा अन्याय वाटतो आणि तो मी अन्याय म्हणूनच लिहितो आहे.

ताई फोनवर आहेत. “आक्का, निघालीस का? कुठं, वाशीला? मग चढ की येष्टीत. दुपारपातुर पोचशील.” या भागातली कितीतरी घरं माथाडी कामामुळे नवी मुंबईत गेलेली. कोपरखैरणे, घणसोलीत चाळी भरल्यात, पण नावं अजून गावच्याच यादीत. “आन् येताना त्या शेजारच्या वैनीला बी घे. आधार कार्ड घ्याय सांग.” फोन ठेवून त्या लगेच पुढचा नंबर लावतात. त्यांचा आवाज बसलाय. गरम पाण्याची बाटली पिशवीतच आहे, ती उघडायला सवड नाही.

रांगेत थोडी गडबड होते. एक नवी नवरी, हिरवा चुडा अजून हातात, फाटकातून परत येते. तिचं नाव इथल्या यादीत नाही, माहेरच्या आहे. तिचा नवरा पितो हे गावाला माहीत आहे. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर तिनं अंगावरचं सोनं मोडलंय, असं रांगेतली एक काकी दबक्या आवाजात सांगते. त्याच घरातली नणंद तालुक्याबाहेर नांदते, ती आज आलेली नाही, पण यादीत आहे. नवरी चिंचेखाली येऊन उभी राहते. तरुण तिला समजावून सांगतो, माहेरच्या यादीतलं नाव इथल्या यादीत यायला नमुना 8 भरायला हवा होता. ती ऐकून घेते. मग म्हणते, “माझं जाऊ द्या. मागल्या आळीत एकटी म्हातारी हाय, तिला घिऊन यिऊ का?” आणि उत्तराची वाट न बघता निघते.

ती म्हातारी येते ती नवरीच्या खांद्यावर हात ठेवून. तिला वाचता येत नाही. ताईंनी महिनाभर आळीआळीत मोठ्या कागदावर छापलेली बाटलीची दोन्ही चित्रं दाखवली आहेत. तरी म्हातारीला खात्री करून घ्यायची आहे. “निजल्याली ना? निजल्यालीवर मारायचा शिक्का?” ताई काही बोलत नाहीत. मतदान सुरू झाल्यावर कुणाला काही सांगायचं नाही, हा त्यांचा कडक नियम आहे. एवढ्याशा चुकीवर पलीकडचे हरकत घेतात आणि सगळं मतदान वादात सापडतं. ताई नुसत्या हात जोडतात. रांगेतलीच एक जण म्हणते, “आजे, बैठकीत सांगितलं तसंच कर.”

अकरा वाजता वकिलांना चहा मिळतो. मी त्यांना विचारतो, गावात पसरलेल्या त्या बोलण्याचं काय? दुकान बंद केलं तर हातभट्टी येईल, असं गेले काही दिवस कानोकानी फिरतं आहे.

“येईल,” ते म्हणतात. “खोटं कशाला बोलू? चंद्रपुरात 2015ला दारूबंदी झाली, 2021ला उठवली. उठवताना अवैध दारूचंच कारण दिलं. पण अवैध दारू पकडणं हे काम कुणाचं? त्याला माणसं किती, गाड्या किती, ते आधी विचारायला हवं. वर्ध्यात 1975पासून बंदी आहे, गडचिरोलीत 1993पासून. तिथंही दारू मिळते, मी नाही म्हणत नाही. पण गावच्या चौकात, शाळेच्या वाटेवर, सरकारच्या परवान्यानं मिळणं निराळं. पोरगं रोज ते बघत मोठं होतं.”

ते चहाचा कप खाली ठेवतात आणि बॅगेतून कात्रण काढतात. 2025च्या जूनमधलं, मंत्रिमंडळानं मद्यावरचे कर वाढवले तेव्हाचं. वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज त्यात छापला आहे. “कर वाढवा, आमची ना नाही. महाग झाली की थोडी तरी कमी पितात. पण हे पैसे येणार म्हणून मोजून ठेवले की दुकान बंद करा म्हणणारी बाई सरकारला नुकसान वाटायला लागते.” राज्याचं व्यसनमुक्ती धोरण 2011 सालचं आहे, आणि राज्यघटनेच्या 47व्या कलमात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्यानं झटावं असं लिहिलंय. दोन्हींच्या प्रती त्यांच्या बॅगेत आहेत, कडा मळलेल्या. त्या बॅगेचं वजन मी उचलून बघितलं आहे.

दुपारी ऊन चढतं आणि रांग तुटते. हीच वेळ अवघड. रानात गेलेल्या बायका परतलेल्या नाहीत. बाहेरच्यांनी दारोदार फिरणं बरं दिसत नाही म्हणून गावातल्याच चारपाच जणी निघतात. एक जण बांधावरून हाका मारत जाते. दुसरी सरळ मुकादमाशी बोलते, तासाभराची सुट्टी द्या, रोज कापू नका. तो मान डोलावतो. त्याची स्वतःची बहीण दारूड्याच्या घरात दिली आहे, हे मला नंतर समजतं.

सव्वातीनला मुंबईची एसटी फाट्यावर थांबते. सहा जणी उतरतात. वाशीची आक्का सगळ्यांत पुढं, हातात आधार कार्ड. ताई पळतच जातात आणि तिला कवेत घेतात. दिवसभरात त्यांना मी पहिल्यांदा रडताना बघतो.

पाच वाजता फाटक बंद होतं. मोजणी तिथंच, वर्गखोलीत. बायका पटांगणात बसतात, कुणी घरी जात नाही. चुली पेटायची वेळ टळून जाते. नायब तहसीलदार बाहेर येऊन आकडे वाचतात. उभ्या बाटलीला मूठभर मतं. आडव्या बाटलीला त्याच्या कितीतरी पट. पटांगणात टाळ्या पडतात, कुणीतरी हळद शोधायला घरात धावते.

तरुण मात्र यादीकडे बघतो आहे. त्याला कळलंय. निम्म्याला 19 मतं कमी पडलीत.

साहेब पुढचं वाक्य वाचतात आणि टाळ्या थांबतात. “अवो पर जास्ती तर आमचीच हायती ना?” वाशीची आक्का विचारते. साहेब चांगला माणूस आहे. तो नियम वाचून दाखवतो, आणि वाचताना खाली बघतो. पेन्सिलीनं ‘म’ लिहिलेली नावं 19हून जास्त आहेत. तरुण ती दोनदा मोजतो.

वकील निकालपत्रकाच्या प्रमाणित प्रतीसाठी जागेवरच अर्ज लिहून देतात आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतात. जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला निवेदन जाणार. मागणी एकच आहे, मतदानाआधी यादीची शहानिशा करा आणि मयतांना हिशोबातून वगळा. अशी निवेदनं त्यांनी याआधीही दिलीत. हे उदाहरण त्यांना जोडता येईल.

ताई पटांगणात मांडी घालून बसतात. बसलेल्या आवाजातच सांगतात, यादीतलं नाव कमी करायला नमुना 7 असतो, तो घरच्यांनी भरायचा, मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. पिशवीतून त्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा काढतात. सकाळपासून तो पिशवीतच होता.

“मपल्या सासूचं नाव काढायचं व्हय?” एक बाई विचारते. “तिनंच सगळ्यात आदी अर्जावर अंगठा दिला हुता.”

“तिचंच आधी भरू,” ताई म्हणतात. “नाव सांगा पुरं. आन् ती नवी सून कुठं गेली? तिला बोलवा, तिचा नमुना 8 पण आजच भरून घेऊ.”