पेडल स्टील गिटारसाठी स्पीकर कसा निवडावा?



ध्वनीचा पाठ शिकवताना मुलं वारंवारिता, आयाम, डेसिबल हे शब्द भराभर पाठ करतात. पण "स्पीकर घेताना वॅट बघायचे की इंच?" असं कुणी विचारलं की वर्ग गप्प होतो. खरं तर मोठी माणसंही गप्प होतात आणि दुकानदार सांगेल तो स्पीकर घेऊन येतात. उत्तर वाद्यावर ठरतं. म्हणून आज असं एक वाद्य घेऊ, ज्यात स्पीकरची निवड चुकली तर ते लगेच कानाला कळतं.

पेडल स्टील गिटार हे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं, नॅशव्हिलचं वाद्य. मूळ हवाई बेटांवरचं. तीच हवाईयन गिटार आपल्याकडे पंडित ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीतात आणली. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकायला मिळते. तारेवर पोलादी दांडी सरकवून मींड काढायची, हे दोन्हीकडे सारखंच. अमेरिकेत मात्र वाद्याला चार पाय लावून ते टेबलासारखं उभं केलं, तारा बहुधा दहा केल्या आणि खाली पेडल जोडले. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल वापरून जी करामत केली, ती लोकांना इतकी आवडली की सगळेच वादक पेडलच्या मागे लागले.

काय होती ही करामत? समजा सा, ग, प या तीन तारा एकदम छेडल्या. त्या वाजत असतानाच दोन पेडल दाबले की गचा म होतो, पचा ध होतो आणि सा जागचा हलत नाही. एक सूर थांबलेला, बाकीचे त्याच्याजवळून सरकताहेत, यातच या वाद्याचा सगळा जीव आहे. स्पीकरने याला धक्का लावता कामा नये.

रॉक गिटारवाल्यांना आवाज थोडा 'फाटलेला' हवा असतो. तिथे आधी अ‍ॅम्प्लिफायर फाटतो, आणि स्पीकरचा हलका कागदी कोनही जोरात हाकलला की एकसंध न हलता वाकतो. एकट्या सुराला ते शोभतं. पण दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा ३३० हर्ट्झ आणि ग ४१५ हर्ट्झ धरा. वजाबाकी ८५. आता पेडल दाबून गचा म केला, म्हणजे ४४०. वजाबाकी झाली ११०. वादकाने एकच सूर हलवला, पण खाली न मागितलेला आणखी एक सूर ८५ वरून ११० वर उडी मारून गेला! तीन-चार तारांत असे किती पाहुणे येतील, मुलांनाच मोजायला सांगा. स्टीलवाले 'स्वच्छ, स्वच्छ' करत बसतात ते नखरे नव्हेत.

म्हणून स्टीलचा स्पीकर अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बराच जास्त वॅट सोसणारा घ्यायचा. त्यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे व्हॉल्यूम पेडल. छेडलेली तार विरत जाते. वादक उजव्या पायाने आवाज हळूहळू वाढवून तो सूर लांबवतो. पाय असा पूर्ण दाबलेला असताना पुढची तार जोरात छेडली गेली, की क्षणभर मोठा झटका येतो. तो झेलायची ताकद अ‍ॅम्प आणि स्पीकर दोघांतही शिल्लक लागते.

पण वॅट म्हणजे आवाज नव्हे, आणि लोक इथेच पैसे घालवतात. स्पीकरच्या कागदावर 'संवेदनशीलता' लिहिलेली असते: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे १०० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जितका वाजेल, तितकं वाजायला ९७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतील. मोठा अ‍ॅम्प घेण्याआधी हा आकडा वाचा.

आता इंच. या वाद्यासाठी जुना लाडका स्पीकर म्हणजे जेबीएलचा डी-१३०. पंधरा इंची, चार इंचांची भलीमोठी व्हॉइस कॉइल आणि मधोमध चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टोपी. पुढे पीव्हीच्या नॅशव्हिल ४०० मध्येही पंधरा इंचीच होता. वादकांची पाठ कुरकुरायला लागली तेव्हा बारा इंची नॅशव्हिल ११२ लोकप्रिय झाला. मग पंधराच हवा का? सूर बघा. ई-नाइन या नेहमीच्या जुळणीत सगळ्यात खालची तार साधारण १२३ हर्ट्झची, म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या तारेपेक्षाही (८२ हर्ट्झ) वरची. तिला चांगला बारा इंची स्पीकर पुरतो. जॅझ आणि वेस्टर्न स्विंगसाठी सी-सिक्स जुळणी लावतात, तिची खालची तार ६५ हर्ट्झपर्यंत उतरते. ती रोज वाजणार असेल तर माझं मत पंधरा इंचीलाच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं: २२५ विरुद्ध १४४, म्हणजे दीडपटीहून जास्त. गंमत म्हणजे दोन बारा इंची मिळून २८८ होतात! वजनाचीच अडचण असेल तर निओडिमियम चुंबकाचा स्पीकर बघावा. महाग, पण उचलायला हलका.

ओहमच्या बाबतीत मात्र मतं नकोत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर ८ ओहमचा स्पीकर चालतो. शक्ती जवळपास निम्मी होते, म्हणजे फार तर ३ डेसिबल गेले. पण २ ओहम लावले तर अ‍ॅम्प तापून जळू शकतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला लिहिलाय तोच आकडा द्यावा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४, एकसर जोडले की १६, हे तर मुलंच सांगतील.

जुना स्पीकर घेणार असाल तर मल्टिमीटर सोबत न्या. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. तो दोष नाही, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काटा किंवा आकडा हललाच नाही तर कॉइल तुटलेली आहे. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून तो अलगद आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय, परत द्या. ठीक असेल तर लावून बघा, पण अ‍ॅम्प थोडा मागे कलता ठेवा. उंच सूर कोनातून सरळ रेषेत जातात, आणि जमिनीवरच्या अ‍ॅम्पसमोर वादकाचे कान नसतात, गुडघे असतात.