बुजलेल्या रक्तवाहिन्या आणि पेशी-उपचाराचे संशोधन

रावेरच्या उत्तरेला सातपुड्याच्या रानात टेंभुर्णीचे पान निघते, आणि अशाच पानात वळलेली बिडी केळीच्या बागेत राबणाऱ्या अनेकांच्या खिशात असते. ऐन उमेदीत पायाच्या रक्तवाहिन्या बुजवणाऱ्या बर्जर विकाराचा तंबाखूशी असलेला संबंध इतका घट्ट आहे, की तंबाखूला कधीच न शिवलेल्या माणसात तो क्वचितच आढळतो. फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी 1879 मध्ये आणि लिओ बर्जर यांनी 1908 मध्ये वर्णिलेल्या या विकारात मध्यम व लहान धमन्यांना सूज येऊन आत गुठळ्या धरतात. मधुमेहात किंवा उतारवयात चरबीचे थर साचून होणारा अडथळा याहून वेगळा असला, तरी दोहोंचा शेवट सारखाच होऊ शकतो.

आरंभी चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबले की उतरतात. पुढे झोपेतही पाऊल ठणकते, म्हणून रुग्ण रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसतो, कारण तसे केल्याने थोडे रक्त खाली उतरते. आणि अखेर बोटावरची साधी जखमही भरून न येता काळी पडू लागते. बायपाससाठी अडथळ्याच्या पलीकडे जोड देण्याजोगी रक्तवाहिनी लागते, पण बर्जर विकारात ती बहुधा घोट्याखालीही शिल्लक नसते, त्यामुळे अनेकदा पाय कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पेशी-उपचाराचा विचार इथून सुरू झाला. मुख्य पाट बुजल्यावर बाजूच्या चाऱ्यांनी पाणी न्यावे, तशा नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटाव्यात, या हेतूने जपानी संशोधकांनी रुग्णांच्याच अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडाच्या पोकळीतील मगजातील, पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या आणि त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध केले. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स संस्थेने वेगळी वाट धरली: एकाहून अधिक निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल पेशी (‘स्टेम सेल’चा, म्हणजे मूलपेशींचा, एक प्रकार) प्रयोगशाळेत वाढवून, एकत्र करून, अतिशीत तापमानात साठवल्या. या पेशी स्वतः रक्तवाहिनी बनण्यापेक्षा वाढीला चालना देणारी व सूज आवरणारी द्रव्ये स्रवतात, असे मानले जाते. बर्जर विकाराच्या 90 रुग्णांवरील अभ्यासात, दर किलो वजनामागे 20 लाख पेशी पोटरीत व जखमेभोवती टोचलेल्या गटात वेदना आणि जखमा अधिक कमी झाल्या. 2020 मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या पेशींपासून बनवलेल्या ‘स्टेम्पिउसेल’ या उत्पादनाला बर्जर विकार व चरबीजन्य अडथळा, या दोन्हींमुळे धोक्यात आलेल्या पायासाठी मान्यता दिली.

तथापि त्या अभ्यासात कोणाला कोणता उपचार मिळाला हे उघड होते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही. नेदरलँड्समध्ये 160 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जुव्हेंटास’ चाचणीत अस्थिमज्जेच्या पेशी धमनीतून सोडल्या गेल्या. तेथे खऱ्या व खोट्या, दोन्ही उपचारांच्या गटांना बरे वाटू लागले, पण पाय कापण्याचे प्रमाण पेशींमुळे घटले नाही. पेशींचा प्रकार आणि देण्याची पद्धत वेगळी असल्याने हा निकाल भारतीय उपचाराला जसाच्या तसा लागू होत नाही, मात्र जाहिरातीतून ‘स्टेम सेल’ विकणाऱ्यांपासून सावध राहण्यास तो पुरेसा आहे.

या संशोधनाइतकेच महत्त्व वेळेवर होणाऱ्या तपासणीला आहे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या नऊदशांशाहून कमी भरला, तर धमनीत अडथळा असल्याचे समजते, आणि या तपासणीला रक्तदाबाचा पट्टा व हातात मावणारे डॉपलर यंत्र एवढेच लागते. बर्जर विकारात या टप्प्यावर, बोट काळे पडण्याआधी, बिडी व तंबाखू पूर्णपणे सोडणाऱ्या बहुतेकांचे पाय वाचतात, आणि त्यांच्यावर पेशी टोचून घेण्याची वेळच येत नाही.